पेन्सिलवर नजर

३ ऑगस्ट
मॅडमचा मेसेज. पीअर मेंटॉरिंगसाठी, म्हणजे एका विद्यार्थ्याने दुसऱ्याला शिकवायचं त्यासाठी, माझी निवड झालीय, बुधवारी चारला लायब्ररीत मागच्या टेबलावर. शेवटी कॉलेजला माणसाची पारख झाली. माझा फर्स्ट इयरचा स्टॅट्स अजून राहिलाय आणि या वेळी नाही सुटला तर डिग्री लटकली, हे खरं. पण अनुभव म्हणतात तो हाच. आईला निवडीचं सांगितलं. स्टॅट्सचं तिला माहीत नाही, उगाच काळजी करते.

५ ऑगस्ट
शिष्या आली. सेकंड इयरची. काडीसारखी अंगकाठी, कानावर पेन्सिल. मनात नाव पेन्सिलच ठेवलं. आल्या आल्या विचारते, तुझं नेमकं कुठे अडतं? म्हणालो, कुठेच नाही. हिला कशाला हव्यात चौकशा?

१२ ऑगस्ट
पेन्सिलने गणित घातलं आणि मला सोडवायला लावलं. मी मुद्दाम चुकवलं, तिचं लक्ष आहे का बघायला. लक्ष आहे. खोडून सगळं बरोबर करून दाखवलं. एका आठवड्यात एवढी प्रगती! शिकवणारा चांगला लागतो.

२६ ऑगस्ट
गेलो तर पेन्सिल मॅडमशी कुजबुजत होती. मला बघून दोघी गप्प. पाणी कुठेतरी मुरतंय. ठराव: यापुढे तिच्याशी जपून बोलायचं. शक्यतो स्टॅट्सवर बोलायचंच नाही.

२ सप्टेंबर
तिने होमवर्क दिला. मला. केला नाही. गुरूची विद्या गुरूलाच!

९ सप्टेंबर
डोकं दुखत होतं, गेलो नाही. पेन्सिलचे फोनवर फोन. उचलले नाहीत, रेकॉर्ड करत असेल.

१६ सप्टेंबर
आजही गेलो नाही. आईला म्हणालो, शिष्येने आता स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं. आईला पटलं.

७ ऑक्टोबर
पेपर झाला. पहिला प्रश्न फारच सोपा, म्हणजे त्यात काहीतरी गोम असणार. सोडून दिला. पुढचे येत नव्हते.

३० ऑक्टोबर
स्टॅट्स राहिला. तडक मॅडमकडे गेलो. म्हणालो, दुसऱ्याला शिकवण्यात माझा अभ्यास बुडाला, वर ती पोरगी माझ्याच चुगल्या करते.

मॅडमनी चष्मा काढून खाली ठेवला. "चुगल्या? अरे, ती तुझी मेंटॉर आहे, स्टॅट्समध्ये पहिली आलेली. तू येईनास तेव्हा इथे बसून रडली. म्हणाली, मलाच शिकवता येत नसेल. तुला शिकवायला अजून एक टर्म द्या म्हणून मागे लागलीय."

लाज वाटली. बराच वेळ जिन्यात बसून राहिलो. लायब्ररीकडे जायचं धाडस झालं नाही.

घरी आईने पान वाढता वाढता विचारलं, तुझी विद्यार्थिनी पास झाली का? ती पहिली आलीय, असं सांगितलं. यात खोटं काही नाही.

आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "बघ, तुझ्या हातून एकीचं तरी भलं झालं."