नावानं आंघोळ

३ फेब्रुवारी १९९८, मंगळवार
दादांना कळलंच. ओतूरच्या बाजारात कुणीतरी सांगितलं — तुमचा पोरगा, भरत मास्तर, पंधरा तारखेला नदीत बाप्तिस्मा घेतोय, येशूचा होतोय. घरी आले, टोपी काढली नाही, पाणी मागितलं नाही. एवढंच म्हणाले, "त्या पाण्यात उतरलास की तुझ्या नावानं आंघोळ करीन. मेलास तू मला."

दादा बोलतात ते करतात. साध्या बांधावरून सख्ख्या बहिणीशी अकरा वर्षं अबोला धरलेला माणूस!

५ फेब्रुवारी
रोज संध्याकाळी चुलीपाशी आईला येशूच्या गोष्टी वाचून दाखवतो. तिला अक्षर येत नाही. आज दादांच्या भीतीनं पुस्तक उघडलंच नाही. "का रं थांबलास? त्या हरवलेल्या मेंढराचं राह्यलं," म्हणाली. मी तिच्यावरच खेकसलो.

११ फेब्रुवारी
ओतूरच्या चर्चचे पाळक, भिमाजीभाऊ, तिसऱ्यांदा सायकल मारत आले. मी गोठ्यामागे लपलो — चौथीच्या पोरांना धीट व्हा म्हणून शिकवणारा मी! ओट्यावर ते आईला सांगत होते, "त्याला लपू दे. देव शोधायचा थांबत नाय."

शेणाच्या वासात उभा राहून ऐकलं. लाज वाटली, तरी बाहेर आलो नाही.

१४ फेब्रुवारी
दादांना सांगून टाकलं — उद्या जात नाही. त्यांनी पाठीवर हात ठेवला. लहानपणानंतर पहिल्यांदा. रडू आलं, पण ते आनंदाचं नव्हतं.

१५ फेब्रुवारी, रविवार


आई सकाळी धुणं घेऊन नदीवर गेली. दुपारी आली ती ओल्या लुगड्यानं, मागे भिमाजीभाऊ. पाटीतलं धुणं मात्र कोरडंच. मला उमगायला वेळ लागला — मी गेलो नाही, आणि बाप्तिस्मा आईनं घेतला.

दादा म्हणाले, "साळू, तुला या घरात काय कमी पडलं?"

आई शांत होती. "रुसून म्हायेरी गेले व्हते, आठवतं? सात महिने वाट बघितली. तुमी न्यायला आला नाय, माझी मीच चालत आले. येशू मातर मला न्यायला आला. पार चुलीपातुर आला."

दादांनी दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला. आई सायकलच्या मागून ओतूरच्या रस्त्यानं चालत गेली. मी खिडकीतून बघत राहिलो. पन्नास वर्षांची माझी आई, आणि मी भित्रा तो भित्राच.

१६ फेब्रुवारी
दादांनी अंगणात आईच्या नावानं आंघोळ केली. मग दुसरी बादली भरून माझ्यापुढे ठेवली. "तू बी कर, मंग आत ये."

बादली त्यांच्याकडे सरकवली. म्हणालो, "ही बी तुमीच घ्या, दादा. माझ्या नावानं."