बिनकातड्याचा पट्टा

बा, तू गेलास तेव्हा माझ्या कडेवर पोर होती. ती पोर आता विनिपेगला नांदते आणि मी तिच्या घरी राहते. विनिपेग कुठं आलं ते तुला कसं सांगू? थंडीचं गाव आहे, नाकातला श्वास गोठतो, एवढं पुरे. मला लिहायचंय ते जावयाच्या बंदुकीच्या पट्ट्याबद्दल. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईनं लिहिलंय, तेव्हा काना-मात्रा सांभाळून घे. तसं तुला कुठं वाचता येत होतं म्हणा.

जावई पुण्याचे, वरच्या घरचे, कॉम्प्युटरवाले. पोरीनं तिच्या मनानं लग्न केलं. यांच्या घरात कधी अंडं फुटलं नव्हतं, आणि इथं येऊन ऑफिसातल्या एका गोऱ्या मित्राच्या नादानं हे हरणं मारायला जायला लागले. लायसन काढलं, त्या मित्राचीच जुनी रायफल घेतली. ती बेसमेंटमध्ये लोखंडी कपाटात कुलपात असते. तिचा पट्टा मात्र काढून बाहेर खिळ्याला टांगलेला. अस्सल कातडं, पण वाळून पापड झालेला. असलं मला बघवत नाही, ते तुझ्यामुळं. मी लहान आहे, तू इनामदाराच्या बंदुकीचा पट्टा शिवतोयस आणि मला तेल चोळायला बसवलंयस. मी वरवर फडकं फिरवते. तू मान वर न करता म्हणतोस, “कोरडं ठेवशील तर ते तडकेल, आणि शिव्या मला खायला लावेल.” मग मी बोटं दुखेपर्यंत चोळते.

तो पट्टा द्यायला तू मला बरोबर नेलं होतंस. तो पायरीवर ठेवायचा, मग गडी त्याच्यावर पाणी शिंपडणार, मग इनामदार उचलणार. तोच पट्टा पुढं दिवसभर त्यांच्या गळ्याशी. वाटेत मी विचारलं, पाणी का मारलं? तू म्हणालास, धूळ बसली होती. धूळ नव्हती, बा. मीच पुसला होता. त्या दिवसापासून कुणी मला सरळ कारण सांगितलं की मी त्याच्या मागचं वाकडं कारण शोधते.

तर गेल्या हिवाळ्याच्या तोंडी मी जावयाचा पट्टा खाली काढला. गुडघ्याला लावायला गावाकडनं करंजाचं तेल आणलं होतं, ते घर तापवायच्या फर्नेसजवळ बसून चांगलं मुरवलं. सुनेनं लोणी लावावं तसं वरवर नाही, तुझ्यासारखं, आत जाईपर्यंत. जावई म्हणाले, “वा आई, नवाच झाला की.” मग सगळा मोसम तो खांद्याला लावून रानात गेले आणि दर वेळी हात हलवत आले. मी विचारायची, हरणं पुण्याला गेलीत का काय? ते हसून जॅकेट काढायचे आणि वॉशरूममध्ये जायचे.

यंदा मोसम जवळ आला तसे त्यांचे फोन सुरू झाले. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. इंग्रजी मला येत नाही, पण दोन शब्द कानात बसले. एक लेदर आणि दुसरा मदर-इन-लॉ. एकाच वाक्यात. आणि मग हसणं. झालं, माझी भाकरी करपली. संध्याकाळी पोरीला विचारलं, तर म्हणाली त्यांना नवा पट्टा घ्यायचाय, हलका, नॉन-लेदर, खांदा दुखतो त्यांचा. खांदा दुखतो म्हणे. अख्खं हरीण ओढून आणायची तयारी आहे आणि टीचभर कातड्याचं ओझं होतंय. जनावराचा जीव घ्यायला चालतो, त्याचं कातडं अंगाला चालत नाही, हा कुठला सोवळेपणा? माझ्या हातचं पाणी पितात, माझी भाकरी मागून घेतात, हे मला दिसत होतं. पण ते चार भिंतींच्या आत. बाहेर मित्रांत माझ्या नावानं काय हसतात? पोर या घरात कुठल्या पायरीवर आहे, ते मला कळायला हवं होतं.

शनिवारी ते दुकानात निघाले तशी मीही गाडीत जाऊन बसले. तिथं भिंतीभर पट्टे टांगलेले. जावई एकेक हातावर तोलतात. एक नुसता विणलेल्या नायलॉनचा, एक रबरासारखा फुगीर, ताणला की लांबणारा. कातड्याची रांग वेगळी होती, तिच्यापुढनं ते असे गेले जसं तिथं काही नाहीच. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “जावईबापू, बायको चालते आणि तिच्या आज्याची कला खांद्यावर चालत नाही होय?”

ते कानापर्यंत लाल झाले. दुकानदार आमच्याकडं बघायला लागला.

“आई, काय बोलताय?”

“फोनवर माझं नाव घेऊन हसत होतात. तेवढं इंग्रजी येतं मला.”

मग त्यांनी हातातल्या पट्ट्याची कडी उघडली, लावली, परत उघडली. शेवटी म्हणाले, “आई, हरणांना वास येत होता.”

“कसला?”

“करंजाचा. वारा फिरला की शेपट्या वर करून पळायची. मित्र म्हणाला, तुझ्या बंदुकीला कडू औषधासारखं काय येतंय?”

“मग वर्षभर तोंड शिवलं होतं का?”

“तुम्ही दुपारभर चोळत बसला होतात. कुठल्या तोंडानं सांगणार? कातड्याचा दुसरा आणला असता तर त्यालाही तेल लावलं असतंत.”

लावलं असतं. ते खोटं नाही. तरी मी त्यांचं तोंड नीट न्याहाळलं. थाप मारणारा माणूस इतका ओशाळत नाही. मग मीच पुढं झाले. गुळगुळीत नायलॉन त्यांच्या जाड जॅकेटवर ठेवून बघितला, सर्रकन घसरला. फुगीरवाला चालताना बंदूक झुलवेल. आतून खरबरीत विणलेला एक सापडला, तो खांद्याला धरून बसला, आणि वजन म्हणशील तर लुगड्याच्या काठाएवढं. हुंगून बघितला. कसलाच वास नाही. ज्याला वास नाही त्याचा मला भरवसा वाटत नाही, पण घ्या म्हटलं. येताना गाडीत आम्ही दोघं इतके हसलो की त्यांनी गाडी कडेला घेतली.

घरी येऊन मी हे सगळं पोरीला रंगवून सांगितलं. ती हसली नाही. तिनं पहिलं काय विचारलं असेल? दुकानात कुणी आपलं माणूस होतं का.

“आपलं म्हणजे?”

“मराठी गं. तू किती मोठ्यानं बोलतेस.” मग भांडी लावता लावता म्हणाली, “इथं सगळ्यांना मी आजोबांचा लेदरचा बिझनेस होता म्हणून सांगितलंय. कुणी विचारलं तर तूही तेवढंच सांग.”

बिझनेस. आरी, रापी आणि दारात कातडं भिजवायच्या घाण पाण्याची कुंडी, एवढा तुझा बिझनेस. जावयाला तुझं काम ठाऊक आहे, लग्नाआधीच मी त्यांना सगळं सांगितलं होतं, आणि त्यांनी ते कुणापासून लपवल्याचं मी ऐकलं नाही. मी इतके दिवस भलत्याच माणसावर पाळत ठेवून होते.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. तुझ्यापर्यंत पोचलं, कुणी तुला वाचून दाखवलं, तर तू एकच विचारशील, मग तिला खडसावलंस का? जावयाला मी भर दुकानात विचारलं, कारण उत्तर वाईट आलं असतं तरी परक्याचं पोर म्हणून मी ते गिळलं असतं. पोरीला विचारायला काल जिना चढले. तिच्या खोलीचं दार उघडंच होतं, ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, काय गं आई? मी म्हटलं, काही नाही, भाजी कुठली करू?

भ्याले मी, बा.