लाइट आहे तोवर

सौंदड, जि. गोंदिया
२ जानेवारी २०२६

चि. उर्वशीस डोमनलालचे अनेक आशीर्वाद.

एकतीस वर्षं शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवलं, पण तुझ्या नावाआधी काय लिहायचं यातच काल माझी सगळी संध्याकाळ गेली. ‘सौ.’ लिहवत नाही आणि दुसरं जे लिहितात ते मी लिहिणार नाही. ‘चि.’ पुरे. सून म्हणून आलीस तेव्हाही माझ्यासाठी तू तीच होतीस.

फोनवर मला नुसती घरघर ऐकू येते, म्हणून हे पत्र. धनेंद्रची तेरवी आटोपून तू लगेच कल्प्याला परत गेलीस याचा तुझ्या सासूला राग आहे. मला नाही. दवाखान्यातली नोकरी मार्चपर्यंत आहे, ती पुरी कर. इथे धानाचं चुरणं होऊन पोती भरली. चिन्नोर तांदळाचं एक पोतं दरवर्षी धनेंद्रसाठी वेगळं ठेवतो, ते यंदाही ठेवलं गेलं. ठेवून झाल्यावर लक्षात आलं. शेजारच्या देवकाबाई म्हणतात, म्हाताऱ्यानं एकदा रडून घ्यावं. मी बसून पाहिलं. येत नाही.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. उतार आला की सायकलवरून खाली उतरून चालणारा पोरगा तो. तू सांगितलंस, गाडी नालीत गेली, त्याला खरचटलंही नव्हतं, उतरून चाक पाहत होता तेवढ्यात मागून ट्रक घसरत आला. ते समजलं. पण गाडी मुळात घसरली कशी?

आता तीच गाडी तू चालवून राहिलीस. बॅटरीची गाडी आणि तुमच्याकडे बर्फ पडला की लाइट जाते. म्हणून बाई, लाइट आहे तोवर भरून घेत जा. आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. पंपाला लाइट यायची पाळी आली की टाकी, ड्रम, हंडे, सगळं काठोकाठ. तू नवी असताना चहाच्या कपांतही पाणी भरून ठेवलं होतंस आणि मी हसलो होतो.

पत्राचं उत्तर पत्रानंच दे.
डोमनलाल

*

कल्पा, जि. किन्नौर
१३ जानेवारी २०२६

ती. मामाजींना शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. चहाच्या कपांचं तुम्ही विसरला नाहीत, आता मीही विसरणार नाही.

मी ठीक आहे. सकाळी काचेवरचा बर्फ खरवडते, गाडी काढते आणि वळणावळणानं खाली सतलजकाठी उतरते. खाली पोवारी नावाचं गाव आहे. हे नेहमी म्हणायचे की माळव्यातून निघालेल्या आपल्या पोवारांपैकी काहीजण रस्ता चुकून इकडे आले असणार. इथल्या चहावाल्याला ते खरंच वाटतं, तो मला अजून माहेरवाशीण समजतो. हे गेल्याचं त्याला कोणी सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नाही.

हीटर लावत नाही, बॅटरी खातो. दोन हातमोजे घालूनही स्टीअरिंगवर बोटं बधिर होतात. दवाखान्यात पोचले की पहिल्या पेशंटची नाडी मला लागत नाही, थोडं थांबावं लागतं. तसं बरंच आहे. बधिर बोटाला काही दुखत नाही.

गाडी मी ऐंशी टक्क्यांवर थांबवते. इकडे सगळे तसंच करतात. घसरण्याचं विचारलंत, तर रस्त्यावर पाणी गोठून काच झाली होती. इतकंच. त्याचा फार विचार करू नका.

सासूबाईंना नमस्कार. तुमची माया आहेच, ती तशीच राहो.
उर्वशी

*

सौंदड
४ फेब्रुवारी २०२६

चि. उर्वशीस आशीर्वाद.

माघी पौर्णिमेला कचारगडला जाऊन आलो. दर्शनाचा हेतू नव्हता. आपल्या गजेंद्रनं टॅक्सीसाठी बॅटरीची गाडी घेतली आहे आणि मला तीत बसायचं होतं. धनेंद्र दोन वर्षं बोलावत राहिला, मी धान झाल्यावर येतो म्हणत राहिलो.

परतताना दरेकसाच्या उतारावर गजेंद्र एकदम सावरून बसला. मी कारण विचारलं. त्यानं सांगितलं की एरवी उतारावर पाय उचलला की ही गाडी आपणहून आवरते आणि त्या आवरण्यातून बॅटरी भरते. पण आज यात्रा होईतो तिथेच फुल भरून घेतली होती, आत जागा नाही, म्हणून गाडी धरूनच नाही राहिली. ब्रेक असतोच, पण पायाला सवय दुसरीच पडलेली असते. घाईनं ब्रेक दाबला की बर्फावर चाकं सुटतात, म्हणून थंडीच्या मुलखात तर आणखी जपावं लागते म्हणे. तो हे सगळं हसत सांगत होता. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक.

मी विज्ञान शिकवायचो, उर्वशी. इटियाडोहचं धरण भरलं की वरून आलेलं पाणी सोडून द्यावं लागतं, हे पाचवीच्या पोराला समजावून सांगायचो.

तू ऐंशीवर का थांबतेस ते मला कळलं. आता एवढंच कळव. २८ नोव्हेंबरला मी धनेंद्रला पत्र टाकलं होतं. टीव्हीवर मोठ्या बर्फाची बातमी होती, म्हणून लिहिलं होतं की लाइट आहे तोवर गाडी पूर्ण भरून घे. ते पत्र त्याला मिळालं होतं का? हो की नाही, एवढंच लिही.

डोमनलाल

*

कल्पा
१५ फेब्रुवारी २०२६

ती. मामाजींना शि. सा. न. वि. वि.

नाही.

इकडे डिसेंबरात टपाल अडकतं. तेरवीहून परत आले तेव्हा तुमचं पत्र दाराखाली पडलेलं होतं, बंद. मी ते उघडलंही नाही, कपाटात ठेवलं आहे. बर्फाची बातमी ह्यांनी इथेच ऐकली होती आणि गाडी आपल्या मनानं भरली. वर्कशॉपवाल्यानं मला नंतर सांगितलं ते गजेंद्रभाऊ म्हणाले तेच. तुमचा त्यात काडीचा संबंध नाही. मामाजी, जेवत जा. सासूबाईंनी फोनवर सांगितलं की तुम्ही ताटावरून उठून जाता.

लोभ कमी करू नये.
उर्वशी

*

सौंदड
२४ फेब्रुवारी २०२६

चि. उर्वशीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. अक्षर छान आहे. खोटं लिहिताना माणसाचं अक्षर जास्तच नीट येते, हे मी शाळेत पाहिलं आहे.

तेरवीच्या आदल्या दिवशी पोस्टमन गोवर्धन एक कार्ड देऊन गेला. आपल्या दारी तेव्हा मांडव घालणं चाललं होतं. कार्ड धनेंद्रचं होतं, ९ डिसेंबरचं. म्हणजे जायच्या आदल्या दिवसाचं. लिहिलं होतं, बाबा, तुमचा हुकूम मानला, रोज ऐंशीवर थांबतो, आज पहिल्यांदा शंभर, आता तरी खूश व्हा. ते मी बंडीच्या खिशात ठेवलं आणि कोणालाच दाखवलं नाही. पोरगा शेवटपर्यंत माझं ऐकत होता, यातच समाधान मानत होतो. दीड महिना ते माझं सुख होतं. कचारगडहून आलो आणि पुन्हा वाचलं.

मग तुला का विचारलं म्हणशील. कोणीतरी मला तोंडावर सांगावं असं वाटत होतं. इथे सगळे मला गरम भात वाढतात आणि हळू बोलतात, जे मला तसंही ऐकू येत नाही. वाटलं, तू तरी मला बोलशील. तर तू मलाच पांघरूण घातलंस.

मला राग नाही आला. काहीच आलं नाही. यापुढे मी तुला गाडीबद्दल काही सांगणार नाही. तो हक्क माझा राहिला नाही.

डोमनलाल

*

कल्पा
६ मार्च २०२६

ती. मामाजींना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र गाडीतच होतं. उघडलेलं, चालकाच्या दारातल्या कप्प्यात. मागच्या कोऱ्या बाजूवर ह्यांनी खालून आणायचं सामान लिहिलं होतं: मीठ, आगपेट्या, तुमच्यासाठी लोकरी कानटोपी. हेही मी लपवलं होतं.

तुम्हाला बोलावं असं मला खरंच वाटलं होतं. वर्कशॉपमधून आले तेव्हा दोन दिवस तुमचा फार राग आला. मग इतर सगळं गेलं तसा तोही गेला, आणि राग गेल्याचंच मला जास्त वाईट वाटलं. काल तुमचं पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर मिळालं. घरी जाताना पोवारीच्या पुढे गाडी कडेला लावून वाचलं. कार्डाच्या ओळीपाशी आले आणि पहिल्यांदाच रडले. बराच वेळ. हीटर लावून बसले, बॅटरी गेली तर गेली म्हटलं. बोटांना मुंग्या आल्या, मग दुखायला लागली.

पंचवीस तारखेला इथून निघते. गाडी मी विकणार नाही, टप्प्याटप्प्यानं चालवत सौंदडला आणते. चिन्नोरचं पोतं फोडू नका, मी येऊन फोडीन. कानटोपी घेतली आहे.

कल्प्याहून खाली उतरताना पहिले दोन तास सगळा उतार आहे. निघायच्या दिवशी गाडी किती भरायची ते तुम्ही पत्रानं कळवा. तुमचं पत्र हातात पडल्याशिवाय मी प्लग लावणार नाही.

वाट पाहते.
उर्वशी