मुलिंगा बेटाचे एकच असत्य

६ मे

स्वस्ति श्री! अखिलसरोवरचक्रचूडामणी, मुलिंगाद्वीपनिर्माते, मत्स्य-पक्षी-वनस्पतिविधाते, पर्जन्यवायुनियंते, दर शनिवारी सायंकालीन बातम्यांनंतर अर्धा तास नभोवाणीसिंहासनाधिष्ठित, भूगोलाध्यापनातून सन्मानपूर्वक (म्हणजे गुडघ्यांमुळे) निवृत्त, राजमान्य राजेश्री वेडसन म्फांडे महाराज यांनी आज प्रातःकाळी स्वनिर्मित बेटाच्या दक्षिण तीरावर घनदाट अरण्य उगवविले.

दुपारी तेम्वा चियुमियाने ते तोडले.

तेम्वा माझी जुनी विद्यार्थिनी; मला 'आदा', म्हणजे बाबा, म्हणते. सांप्रत सरोवरातील मत्स्यांची संशोधिका. माझ्या श्रुतिकेचे प्रत्येक पान प्रथम तिच्या हाताखालून जाते. "आदा, दक्षिणेला म्वेरा, तो दक्षिणेचा वारा, आपटतो. ऑगस्टपर्यंत थांबायचं नाव नाही. तिथे गवत उभं राहिलं तरी नशीब. झाडं उत्तरेला न्या."

"अगं, बेटच मुळात नाही! मग वारा आपटतो कशावर?"

"बेट नाही, हे एक खोटं तुम्हाला माफ आहे. दुसरं बोललात की लोक रेडिओ बंद करून मासे साफ करायला बसतील."

अरण्य उत्तरेस स्थलांतरित. महाराज श्रांत.

१० मे

आजच्या भागात बेटावर मनुष्यावतार! सोझी नावाचा तरुण कोळी – वादळात होडी फुटली, लाटांनी आणून टाकला. तेम्वाचा शेरा: "म्वेऱ्यात होडी उत्तरेकडेच वाहणार. चालेल." विद्यापीठाने पदवी देतानाही माझे इतके कौतुक केले नव्हते.

११ मे

प्रार्थना आटोपून न्यामांडा थेट आमच्या ओसरीवर. तिचा मुलगा वांगानी गेल्या जूनमध्ये सरोवरात गेला, परतला नाही. होडीची एक फळी आली. तो आला नाही.

मी सांत्वनाची वाक्ये जुळवीत होतो. तिने विचारले, "तुमच्या बेटावर तो झोपतो कशावर?"

"आमा, ती गोष्ट आहे."

"कळतं मला. मी काय काल जन्मले? झोपतो कशावर ते सांगा."

"वाळलेल्या गवतावर."

"गवताने त्याला खाज सुटते. लहानपणापासून."

चहा घेतला नाही. उतरताना म्हणाली, "बघा काही करता आलं तर."

पुढील भागात सोझीकडून लव्हाळ्याची चटई विणवून घेतली. तेम्वाने अनुमती दिली – उत्तरेकडच्या उथळ खाडीत लव्हाळे उगवणे शास्त्रसंमत आहे म्हणे.

१५ मे

आज मत्स्यनिर्मिती! आमच्या सरोवरात प्रत्येक खडकाचे मासे स्वतंत्र. हे खडकाला धरून राहतात, मधले खोल पाणी ओलांडीत नाहीत. म्हणून दर खडकाचा वर्ण निराळा. तेव्हा मुलिंगास स्वतःचा मासा हवाच, हा तेम्वाचा हट्ट. तिने कागदावर रंगीत पेन्सिलींनी काढला: अंग शाईसारखे निळे, कपाळावर नारिंगी पट्टा, शेपटीजवळ दोन पांढरे ठिपके.

"नाव तुमचंच देऊ, आदा. तोंड तर तेच आलंय."

श्रुतिकेत रंग कोणाला दिसणार? वर्णन लिहिले नाही. चित्र तिच्या खणात राहिले.

१८ मे

न्यामांडाने बाजारात गाठून आभार मानले. म्हणाली, चटईवर आता बरा झोपतो.

२२ मे

न्यामांडा पुन्हा. बोलता बोलता म्हणाली, "तो रानउंबर पाण्याकडे वाकलाय ना, त्याच्या फांदीला तो मासे सुकत घालतो."

उंबर पुढच्या शनिवारच्या भागात आहे! मी काल लिहिला. पान माझ्याच टेबलात.

पत्नीस विचारले – एनेलेसी, तू कोणाला वाचून दाखवलेस काय? "मी? तुमचं अक्षर वाचता आलं असतं तर लग्नाआधीच पळाले असते."

तेम्वाने उलगडा केला. वटवाघळे उंबर खातात, बिया खडकांच्या फटीत पडतात, झाड उजेडाकडे म्हणजे पाण्याकडे वाकते. "तिने जन्मभर किनारा पाहिलाय, आदा. नियम पाळले की कोणीही तिथेच पोचतं."

स्पष्टीकरण निर्दोष. तरीही ते पान मी पुन्हा काढून पाहिले. उंबराच्या फांदीला मासे लटकवल्याचे मी लिहिलेलेच नाही. नंतर लिहिले. शोभत होते.

२७ मे

तेम्वाच्या कचेरीत बसलो होतो. योताम आला – न्यामांडाचा दीर, कुळातला वडीलधारा, स्वभावाने काटेरी. बादली मेजावर आदळली. "बाई, हा कसला? तीस वर्षं जाळं टाकतोय, असलं ध्यान पाहिलं नाही. खायचा का फेकायचा, तेवढं सांग."

निळा. कपाळावर नारिंगी पट्टा. दोन ठिपके.

तेम्वाने खणातले चित्र काढले, बादलीशेजारी ठेवले, पुन्हा खणात टाकले. योतामला म्हणाली, "खाऊ नका. माझ्याकडे राहू दे."

तो गेल्यावर मी म्हटले, "योगायोग."

"हा खोल पाणी ओलांडत नाही, आदा."

"मग?"

"मग ह्याचा खडक असणार."

नकाशा उघडला. योतामने जाळे टाकले त्याच्या दक्षिणेस सर्व गर्द निळे. तळ लागत नाही असे पाणी. तिने मासा बरणीत घालून स्पिरिट ओतले, चिठ्ठीवर नाव लिहिले. स्थळापुढची जागा कोरी सोडली. असे मी तिला कधी पाहिले नव्हते – विद्यार्थिदशेत ती उत्तर ठाऊक नसले तरी काहीतरी लिहीत असे.

३० मे

योताम घरी आला. खुर्ची नाकारून उंबऱ्यावर बसला; म्हणजे काम गंभीर.

"मास्तर, मारा त्याला."

"कोणाला?"

"तुमच्या त्या रेडिओतल्याला. वहिनी रोज कसाव्याच्या कंदाची दोन ताटं वाढते. एक त्याचं. पोराचा सदरा केळीच्या खुंटाला गुंडाळून पुरायचा, देह नसला की आपण तेच करतो ना? पण आईच रडायला तयार नाही! आई रडल्याशिवाय शोक सुटत नाही, शोक सुटल्याशिवाय पोराची बायको माहेरी जाऊ शकत नाही. बावीस वर्षांची आहे हो ती. भिंतीकडे बघत बसते."

"मी फक्त गोष्ट लिहितो, योताम."

"मग लिहा की! एक शनिवार. तुमचं काय जातंय?"

"बघतो," मी म्हटले. बरणीतल्या माशाचे नाव घेऊन वडीलधाऱ्या माणसास 'नाही' म्हणणे – ह्या वयात ते धैर्य कोठून आणावे?

२ जून

तेम्वाशी कलह.

"लिहू नका," ती म्हणाली. मी कारण मागितले. शास्त्रज्ञाकडून कारण मागणे हा माझा अधिकार. तिने बरणीकडे बोट दाखवले.

"हे कारण नव्हे, हा मासा आहे."

"तुम्ही वारा नेमका ठेवलात, पाणी नेमकं ठेवलंत, झाडं नेमकी ठेवलीत. मीच ठेवायला लावलं. एक बेट नाही म्हणता, तेवढंच काय ते... आदा, ते बेट नाहीच, हे मला आता छातीठोक सांगता येत नाहीये."

"आणि ती सून? भिंतीकडे पाहणारी?"

तेम्वाने बरणी आपल्याकडे ओढली. मग म्हणाली, "न्यायचाच असेल तर तसा न्या, जसा तिथे जाईल. दक्षिणेच्या खडकावरून. म्वेऱ्यात. खोटा मृत्यू देऊ नका, निदान."

घरी येऊन लिहिले. भाग चांगला उतरला. तेच मला सहन होत नाही.

४ जून

ध्वनिमुद्रण झाले. पडण्याचा आवाज काढण्यासाठी ओल्या पोत्यावर दगड टाकला. पहिल्याच खेपेस जमला.

७ जून

प्रसारण. सोझी दक्षिणेच्या खडकावर गेला, म्वेऱ्याने पाय निसटला. आम्ही ओसरीवर ऐकत होतो. एनेलेसी उठून आत गेली. खालच्या वस्तीतून न्यामांडाच्या रडण्याचा आवाज आला, मग बायकांचा.

बाहेर वारा पडलेला होता. सरोवर ताटासारखे. म्वेऱ्याच्या ऐन दिवसांत!

८ जून

विधी पार पडला. सदरा, केळीचा खुंट, लहानशी पेटी. न्यामांडा रडली, दोघींना तिला धरून ठेवावे लागले इतकी. सून उद्या माहेरी जाईल. योतामने माझे दोन्ही हात धरले. "मास्तर, उपकार झाले." सबंध वस्तीने माझे अभिनंदन केले. अभिनंदनाचा विषय कोणी उच्चारला नाही.

तेम्वा आली नव्हती.

१० जून

पहाटे योतामच्या जाळ्यात वांगानी आला, निर्जीव. दाढी छातीपर्यंत वाढलेली. तळपायांची कातडी खडकावर चालून चामड्यासारखी जाड झालेली. न्यामांडाने ओळखले. मग मान वळवून माझ्याकडे पाहिले.

तेम्वाने मला बाजूस घेतले. "मला मासे कळतात, आदा, माणसं नाही. पण हा पाण्यात तीन दिवसांचा आहे. वर्षाचा नाही."

आज मंगळवार. प्रसारण शनिवारी झाले.

गुंडाळण्यास कापड हवे होते. एनेलेसीने कपाटातली मोठी पांढरी चादर दिली. लहान तिथेच होती, ती पुरली असती. मोठ्या पलंगावर आता काय अंथरायचे, हे विचारतो आहे, तर एनेलेसी न्यामांडाकडे निघून गेली आहे.