अक्का, गगनवीर कुठून वाचायचा?

प्रिय अक्का,

गगनवीराच्या चित्रकथांचं शेवटचं पुस्तक आलं! मागच्या आठवड्यात पार्सलवाला पाटोद्याच्या दुकानात टाकून गेला. एका गिऱ्हाइकाचा मोबाइल दुरुस्तीला उघडून ठेवला होता, तो तसाच सोडला आणि आधी पार्सल फोडलं. 'शेवटची उडी' असं नाव आहे. मुखपृष्ठावर आपला काळा गगनवीर छपराच्या कडेला उभा आहे, पाठमोरा, फाटका झगा पाठीवर. आता तो उडतो की पडतो, देव जाणे! तुला सांगायला फोन हातात घेतला आणि मग आठवलं. तू जाऊन सगळा पावसाळा उलटला, पण सवय काही जात नाही बघ.

म्हणून हे पत्र. पुस्तकासाठी आहे आणि तुझ्या सोनीसाठीही आहे. दिवाळी झाली, ऊसतोडीचे ट्रक गावोगाव लागायला लागले. आणि दाजींनी यंदा सोनीला बरोबर न्यायचं ठरवलं होतं.

रागावू नकोस, आधी ऐक. तोडीवर नवरा-बायको मिळून एक कोयता, हे तुला मी काय सांगायचं? तू गेलीस आणि दाजी अर्धा कोयता झाले. मुकादमाला शब्द दिलेला, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कोण घेणार? तेव्हा नववीतली तुझी पोरगी पुढं झाली. "आईच्या जागी मी हुबी ऱ्हाते," म्हणाली. तू असतीस तर लाटणं फेकून मारलं असतंस!

मी दाजींशी भांडलो नाही. काय तोंडानं भांडणार? दुकानात सावलीला बसून मोबाइल उघडणारा मी. मी फक्त रोज तुमच्या घरी येत राहिलो, आणि रोज येताना मला तुझी पुस्तकं आठवत राहिली.

आठवतं का गं, पाटोद्याच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून तू पहिला गगनवीर उचलला होतास? निळा झगा, पांढरे दात, एका हातानं पूल उचलून धरलेला. तू तो आधी नुसता बघून काढलास, मग बोट ठेवून वाचलास, मग मला वाचून दाखवलास. शाळा अर्धं वर्ष गावात आणि अर्धं वर्ष कारखान्याच्या फडात, तरी वाचनात तुझा हात कुणी धरला नाही. एकच शंका तुला कायम होती. "बाळू, ह्येचा झगा कदीच कसा मळंना रे? धुतंय कोन?"

त्याचं उत्तर मिळायला तुझं लग्न व्हावं लागलं, सोनी व्हावी लागली. मग ती 'अमावस्या' मालिका आली. तोच गगनवीर, पण उडणं गेलेला, दाढी वाढलेली, ज्यांना वाचवलं तेच लोक त्याला बघून दारं लावून घेतात. मला पहिलं पुस्तक बघून वाईटच वाटलं. आपल्या लहानपणीच्या देवमाणसाची ही काय दशा केली? तू मात्र मधल्या एका पानावर थांबलीस. तिथं तो सार्वजनिक नळावर बसून स्वतःचा झगा धुतो. शब्द एकही नाही, नुसता साबण आणि काळं पाणी. तू ते पान दाजींना नेऊन दाखवलंस. "आदीचा पाव्हण्यावानी हुता. यायचा, काम करायचा, उडून जायचा. ह्यो घरातला हाय," म्हणालीस. त्या मालिकेवर पुढं मी पुष्कळ काय काय वाचलं. ह्याच्यापेक्षा खरं कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही.

आणि मग आपलं भांडण सुरू झालं. वाचायचा क्रम कोणता? मी मोबाइलवर शोधून सांगायचो. एक म्हणतो, जशी निघाली तशी वाचा. दुसरा म्हणतो, कथेत जे आधी घडलं ते आधी वाचा, म्हणजे गगनवीराच्या बालपणाचं 'आईचं घर' पहिलं. तुला दोन्ही पटले नाहीत. तू म्हणालीस, ह्या शहाण्यांच्या घरी ऊसतोड नसंल.

तुझा क्रम मला पाठ आहे, अक्का. सगळ्यात आधी जुन्या, निळ्या झग्यातल्या गगनवीराचं एखादं तरी पुस्तक. कारण ज्याला उडताना बघितलं नाही, त्याचं पडणं काय कळणार? पाडव्याला तोडीवरून परत आलं की 'पायी', ज्यात त्याचं उडणं जातं. मग 'चोरवाट'. पावसाळ्यात, सगळी माणसं घरात असताना, 'राख'. आणि दिवाळी झाली, बोचकी बांधायला काढली, की 'आईचं घर'. ते मी पहिलं म्हणायचो आणि तू शेवटचं. "जायच्या टायमाला लेकराला घरचंच खाऊ घालावं, बाहेरचं न्हाई." पुढचे पाच-सहा महिने पुस्तक नाही, नुसता ऊस. मग माणूस ज्या पानावर थांबेल त्याच पानावर राहणार, हे तुझं म्हणणं.

तू हे शिकलीस कशी, ते मी सोनीला कालच सांगितलं. हसली! एका साली तू 'राख' गुपचूप बोचक्यात घालून नेलंस. त्यात त्याचं सगळं शहर जळतं आणि पुस्तक तिथंच संपतं. पुढचं 'आईचं घर', ज्यात शहर विझल्यावर तो बालपण आठवत बसतो, ते राहिलं घरी, पत्र्याच्या पेटीत. फडावरून तुझा फोन आला, मला वाटलं कुणाला साप चावला. "बाळू, ते जळालेलं इझलं का रे? मला जेवन ग्वाड लागंना." मी सांगतो म्हटलं तर ते पण नको. सांगितलेलं चालत नाही, वाचायलाच पाहिजे! सगळा हंगाम तू त्या जळत्या शहरात काढलास. नियम पुढं केलास, पण आधी स्वतः भाजून घेतलंस. तुझं सगळंच असं.

आळीतल्या बायका तुला म्हणायच्या, लेकरांना कावून असलं काळं-काळं वाचायला देतीस? तू कुणाच्या तोंडी लागली नाहीस. मला मात्र म्हणालीस, "अंधार तर तेंनी बघितलाय रे. अंधारात बी कुनी नीट वागतंय, एवडंच बघू दे." तोडीवर निघालेल्या पोरांना तू दारात बसवून 'आईचं घर' वाचून दाखवायचीस, आणि ट्रकचा हॉर्न वाजला तरी शेवटचं पान झाल्याशिवाय उठू द्यायची नाहीस. मुकादमसुद्धा मग गुपचूप विडी ओढत थांबायचा. एवढी तुझी वट होती, तुला कधी कळलं का?

तर परवा काय झालं ते ऐक. मी तुझ्या घरी गेलो. लिंबागणेशच्या रस्त्याला टोळीचा ट्रक उभा होता, सकाळी निघायचा होता. दाजी कोयत्याला धार लावत होते. सोनी बोचकं बांधत होती. तुझं नऊवारी पातळ तिनं वर ठेवलं होतं, तोडीवर नेसायला. माझ्यानं बघवलं नाही. मी पेटी उघडली. पुस्तकं तू रचलीस तशीच होती, सगळ्यात वर 'आईचं घर'.

"जायच्या आदी वाचायचं असतंय, मामा," सोनी म्हणाली आणि घेऊन बसली. मोठ्यानं वाचायला लागली, तुझ्यासारखं बोट ठेवून. ते पान आलं, जिथं लहानगा गगनवीर छपरावरून उडी मारतो आणि पडतो. त्याची आई रागवत नाही. खाली कडबा पसरते आणि म्हणते, चढ पुन्हा. सोनीनं तिथं पुस्तक मिटलं, बोट आतच ठेवून. दाजींचा हात धारेवर थांबला. मी कुठं बघावं तेच कळेना, म्हणून पिशवीतून नवं पुस्तक काढून पुढं ठेवलं.

दाजींनी ते उलटंसुलटं करून बघितलं. "ह्यो शेवटी उडतो का न्हाई, पाव्हणं?"

"म्या उघडलं न्हाई, दाजी. अक्काच्या क्रमानं हे सगळ्यात शेवटी. आदी मागचं सगळं परत वाचाया लागतंय."

"किती दिस लागत्याल?"

"सोनी शाळा करून वाचंल. हिवाळा जाईल."

तुझं पातळ दाजींनी बोचक्यातून काढलं, घडी नीट केली आणि पेटीत ठेवलं. मग सोनीकडं न बघताच म्हणाले, "मंग मदीच सोडून कशी येईल ती? तिच्या आईला चाललं नसतं. ऱ्हाऊ द्या तिला तुमच्याकडं." कोयता पुन्हा हातात घेतला. "रामाला इचारलंय. त्याची बायको बाळंतीन हाय, ती घरीच ऱ्हाती. आमी दोगं भाऊ मिळून एक कोयता धरू."

म्हणजे भावाशी त्यांचं आधीच बोलणं झालं होतं, अक्का! पोरीला नको म्हणायला त्यांना तोंड सापडत नव्हतं, ते तुझ्या पुस्तकानं दिलं. मी रडलो. दाजी पण रडले, पण धार लावता लावता, म्हणजे कुणी रडले म्हणायला नको. सोनीच तेवढी भांडत होती, "तुमाला भाकरी कोन करून घालंल?" दाजी म्हणाले, "भाकरी येतीया मला. वाचाया येत न्हाई."

मग त्यांनीच अट घातली. मी त्यांना दुरुस्त करून एक जुना मोबाइल दिलाय, मोठ्या आवाजाचा. संध्याकाळी गाडी भरून झाली, की कोपीत, म्हणजे त्या उसाच्या पाचटाच्या खोपटात, बसून ते फोन लावणार आणि सोनी पुस्तक वाचणार. चित्रं कशी सांगायची, म्हणून सोनी काळजीत आहे. मी म्हटलं, आई सांगायची तशी.

ट्रक गेला. सोनी माझ्या घरी आली आणि तुझी पत्र्याची पेटीही आली. शाळेचं बघणं आता माझ्याकडं लागलं. आज संध्याकाळी पहिला फोन आहे. निळ्या झग्यापासून सुरुवात करतोय, तुझ्याच नियमानं.

माझा शब्द घे, अक्का. एकही पुस्तक मागंपुढं होऊ देणार नाही. 'राख' आली की त्याच आठवड्यात पुढचं सुरू करू, दाजींना जळत्या शहरात एकटं सोडणार नाही. 'शेवटची उडी' त्याच्या पाळीनंच उघडेन, आणि तो उडाला तरी, पडला तरी, सोनीच्या पायाखाली कडबा आम्ही पसरून ठेवू. तुझ्या क्रमात मी फक्त एक बदल केलाय, तेवढा चालवून घे. त्यातली ऊसतोडीची सुट्टी काढून टाकली.

तुझा,
बाळू