जांभळी नखं

सोमवार, ४ मार्च

टाकला! एकदाचा फोटो टाकला. फक्त माझे दोन पाय – घोटे सुजून टम्म, डाव्या पायाची नखं जांभळी, उजव्याची कोरीच (रंगवायला बसले आणि बस चुकेल म्हणून उठले). खाली लिहिलं, ‘तीन मजली कपड्यांचं दुकान. आम्ही अकरा जणी. सकाळी दहा ते रात्री आठ. बसायला एक स्टूल नाही.’ खात्याचं नाव ‘उभी’. माझं नाव कुठेच नाही. मालकांना कळलं तर नोकरी गेलीच समजायची.

तरी हसू येतंय. आई म्हणाली, ‘फोनकडे बघून काय हसतेस येड्यासारखी?’

मंगळवार, ५ मार्च

सात लाइक. त्यातला एक माझा.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात खालीच बसले आणि ओट्यापुढच्या हिरव्या फरशीवर पाय टेकवले. बाकी सगळ्या पांढऱ्या; ती एक फुटली तेव्हा बाबांना जुळणारी मिळाली नाही, म्हणून त्यांनी मिळेल ती आणून बसवली. ती गार असते असं माझं म्हणणं. आई म्हणाली, ‘सरक गं, मला वावरू दे.’ मग मी तिला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, ‘नोकरी सांभाळ बाई.’ आणि थोड्या वेळाने – ‘ते तुझं उभी कुठे दिसतं? मला दाखव.’

बुधवार, ६ मार्च

चार हजार!! मी दुकानात तोंड पाडून हिंडतेय, म्हणजे कुणाला संशय नको. बूट-चपलांच्या काउंटरवरची बडबडी ट्रायल रूममध्ये ओढून म्हणते, ‘कुणाचं काम असेल गं हे?’ माझ्या पोटात कुठलं राहायला! सांगितलं. तोंडावर हात दाबून ती तिथल्या तिथे नाचली, हँगर पडले. ‘आईशप्पथ कुणाला सांगणार नाही.’ दुपारपर्यंत दहाही जणींना माहीत.

पायांचे फोटो येताहेत. नर्सचे, लाँड्रीतल्या बाईचे, एका शाळामास्तरणीचे. सगळ्यांचे घोटे माझ्यासारखेच.

गुरुवार, ७ मार्च

मालकांनी पाहिलं. सुपरवायझरने (आम्ही बाथरूमला गेलो की हा मिनिटं मोजतो, म्हणून घड्याळकाका) सकाळी सगळ्यांना रांगेत उभं केलं. ‘उद्या दुकान उघडायच्या आधी बूट-मोजे काढायचे. डाव्या पायाला जांभळी नखं दिसली की ती बाई घरी.’ मागे उद्याचा बोर्ड लटकत होता – ‘स्त्रीशक्तीला सलाम! सर्व कुर्त्यांवर सूट’.

मी बडबडीला म्हटलं, रंग काढून टाकते. ती म्हणाली, ‘तू काढ, म्हणजे उद्या तो दुसरीलाच कुणालातरी पकडेल. थांब.’ आणि जेवणाच्या सुट्टीत समोरच्या दुकानातून जांभळी बाटली घेऊन आली.

जिन्याखाली दहा डावे पाय! एकीला गुदगुल्या, तिच्या नखांपेक्षा बोटांनाच जास्त रंग. अल्टरेशनच्या मावशींनी जन्मात कधी नख रंगवलं नव्हतं. त्या म्हणाल्या, ‘मला दोन्ही पायांना लाव. अर्धवट काम मला चालत नाही.’ कशीबशी समजूत घातली. मग अकरा डाव्या पायांचा फोटो ‘उभी’वर.

शुक्रवार, ८ मार्च

आज मी हसून हसून मरणार.

घड्याळकाका रांगेवरून दोनदा फिरले. मावशींपुढे थांबून विचारतात, ‘हे काय, फॅशन आहे?’ मावशी शांतपणे – ‘महिला दिन आहे ना साहेब.’ मालक नुसतेच खाकरले आणि वर निघून गेले. अकरा जणींना एकदम घरी पाठवलं तर आज कुर्ते कोण दाखवणार?

आणि अकरा वाजल्यानंतर गिऱ्हाइकं आली ती डावी नखं जांभळी करून! (कॉमेंटमध्ये कुणीतरी दुकान ओळखलं होतं.) एक आजी घडीचं स्टूल घेऊनच आल्या. काउंटरमागे ठेवलं आणि म्हणाल्या, ‘आधी बस. मग दाखव.’ मी बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या दुकानात बसले. रडूच आलं.

संध्याकाळी घरी टेबलाशी बसून बाबांना आणि दादाला एकेक कॉमेंट वाचून दाखवली. दादा म्हणाला, ‘आमची पुढारी!’ आई आतून, ‘मोठ्याने वाच, मलाही ऐकू येऊ दे.’

शनिवार, ९ मार्च

सहाशे फोटो. चहा पीत पीत उत्तरं देतेय, अंगठा दुखायला लागला.

काहीजणी काहीही पाठवतात. एकीचा निरोप – ‘मी पण दिवसभर उभी असते. चालेल का?’ पायांच्या बाजूला ओलं फडकं, म्हणजे घरातलाच फोटो. खात्याला नाव नाही, चेहऱ्याच्या जागी फूल. लिहिलं, ‘ताई, आम्ही फक्त नोकरी करणाऱ्या बायकांचे फोटो घेतोय. धन्यवाद.’ लगेच उत्तर आलं, ‘बरं.’ मुद्दा भरकटायला नको.

सोमवार, ११ मार्च

स्टुलं आली!!! अकरा. निळी, प्लॅस्टिकची, एक डुगडुगतंय – ते घड्याळकाकांनी स्वतः पुठ्ठा लावून नीट केलं! मालकांनी दुकानाच्या पानावर टाकलं, ‘आमच्या भगिनींची काळजी आम्हीच घेतो.’ घ्या की. मावशी बसल्या बसल्या पेंगल्या. बडबडी स्टुलावर गोल गोल फिरून बघत होती, पण ही काही फिरणारी नव्हेत.

नोकरी शाबूत. मी जिंकले.

मंगळवार, १२ मार्च

ज्यांचे फोटो घेतले नाहीत त्यांनाही आभार लिहायला बसले. ‘बरं’वाली आली. या वेळी फोटो बोटांनी मोठा केला. डावी नखं जांभळी, रंग बाहेर गेलेला. फडक्याशेजारी पायाखाली एक हिरवी फरशी. बाकी सगळ्या पांढऱ्या.

आत्ताच आतून हाक आली – ‘बस तू, वाढते.’