सात डबे आणि माझं सुंदर अक्षर

३ नोव्हेंबर, सोमवार
अखेर जगाला माझी आठवण झाली. युद्धात शत्रूने आमचं रेल्वे यार्ड बळकावलं होतं; तिथून निघालेले त्याच्या दारूगोळ्याचे सात डबे वाटेतच जळाले, त्यावर सिनेमा निघतोय. दिग्दर्शक (दाढीवाला, पण माणूस बरा) स्वतः घरी आला. त्या कटातला जिवंत उरलेला मी एकटाच. सल्लागार म्हणून नेमणूक.
संकल्प : (१) चहात साखर बंद. माझी भूमिका करणारा नट सडपातळ आहे. (२) मोजकं बोलायचं.
दाढीवाल्याशी साडेतीन तास बोललो.

४ नोव्हेंबर
आज सगळं तपशीलवार सांगितलं. चाकाच्या तेलपेटीत तेलाऐवजी वाळू. डबा वीस-पंचवीस मैल गुण्यागोविंदाने धावतो, मग चाक तापून पेटतं. कल्पना माझी. वाळू चौदाने घातली, पण ते नुसतं हातकाम. चौदा म्हणजे आमचा तेलवाला. बिल्ल्याचा नंबर चौदा, म्हणून सगळे त्याला चौदाच म्हणायचे. तिसऱ्या दिवशी शत्रूच्या शिपायांनी त्याला नेलं आणि पाण्याच्या टाकीमागे गोळी घातली. चुगली कॅन्टीनवाल्याने केली, हे मी तेव्हाच ओळखलं आणि चार लोकांना सांगितलं. त्याला गाव सोडावं लागलं.
हिचं म्हणणं, तुम्ही जन्मात खडूशिवाय हातात काही धरलंय का? पिकतं तिथे विकत नाही.

६ नोव्हेंबर, सकाळी ७
साखर सोमवारपासून. मधल्या वारी सोडली तर टिकत नाही.
सिनेमासाठी जुने कागद शोधणारी चष्मेवाली बाई काल आली होती. तिला कटापेक्षा माझ्या नोकरीतच जास्त रस. सांगितलं, तेल घातलेल्या प्रत्येक डब्यावर खडूने तारीख आणि तेलवाल्याचा नंबर टाकायचा, हे माझं काम. अकरा वर्षांत एक डबा कोरा गेला नाही. तिने विचारलं, एकही नाही? मी ठणकावून सांगितलं, एकही नाही. तिने ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. कौतुक वाटलं असणार.

८ नोव्हेंबर
सेटवर गेलो. डबे हुबेहूब. बाईने खडू दिला आणि चौदा आकडा टाकायला सांगितला. टाकला. ४ ला खाली लांब शेपूट, ही माझी खासियत. साहेबसुद्धा नावाजायचे. तिने सातही डब्यांवर लिहून घेतलं, प्रत्येकाचा जवळून फोटो काढला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भारावले असावेत.
परत येताना यार्डातल्या टाकीवरून आलो नाही. तो रस्ता लांब पडतो.

९ नोव्हेंबर, दुपारी
झोप नाही. जेवण जड झालं होतं.
त्या दिवशी चौदा काहीतरी म्हणाला होता खरा. आजचे सात डबे कोरे ठेव, असं काहीसं. नक्की आठवत नाही. यार्डात इंजिनांचा गोंगाट काय कमी असतो? आणि म्हणाला असलाच, तरी कोऱ्या डब्यांचा उलट संशय आला असता. मी टाकलं ते त्याच्याच भल्यासाठी.
संकल्प : हा विषय बंद.

११ नोव्हेंबर
आज चौदाची बायको सेटवर आली. वहिनी त्रेचाळीस वर्षं आमच्याच गल्लीत राहतात. दरवर्षी टाकीपाशी फुलं वाहताना माझ्यासाठी पुढे खुर्ची ठेवतात.
बाईने त्यांना एक फोटो दिला. शत्रूच्या दप्तरात सापडलेला. जळका डबा, दार अर्धं शाबूत, दारावर खडूचा आकडा. खाली शेरा, की याच नंबरवरून तेलवाला पकडला. वहिनींनी फोटो बघितला. मग सेटवरच्या डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.
उन्हामुळे डोकं दुखायला लागलं, म्हणून लवकर निघालो.

१२ नोव्हेंबर
सडपातळ नटाला परत पाठवलं म्हणे. दाढीवाला म्हणतो, गोष्ट आता दुसऱ्या बाजूने सांगायची आहे. निषेधाचं खरमरीत पत्र लिहिलं. पाकीट मिळालं नाही.
चहात तीन चमचे साखर घेतली. ही काही बोलली नाही. मला भीती वाटते आहे.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळी
वहिनी घरी आल्या. चहाला हात लावला नाही. एवढंच विचारलं, की भावजी, त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं ना, डबे कोरे ठेवा म्हणून? मी म्हटलं, वहिनी, नियम होता. हाताला सवय होती. त्या म्हणाल्या, तुमच्या शब्दावर मी कॅन्टीनवाल्याच्या बायकोच्या तोंडावर दार लावलं. तिच्या कडेवर तान्हं होतं. मग उठून गेल्या.
हिने त्यांचा भरलेला कप मोरीत ओतला आणि बराच वेळ घासत बसली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
दाढीवाल्याचा निरोप आला. माझी भूमिका सिनेमात आहे, पण एका शॉटपुरती. तोंड दिसणार नाही. नुसता हात, खडू आणि चौदा आकडा, सात वेळा. ती शेपूट कुठल्याच नटाला जमत नाही, म्हणून मलाच बोलावलंय. सोमवारी आठला गाडी येईल. नखं कापून यायला सांगितलंय.
नाही म्हणायचं ठरवलं होतं. हो म्हणून बसलो.
चौदाने सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. इंजिन तेव्हा बंद होतं.
वर आजची तारीख टाकली, तर ४ ला शेपूट आली. खोडून पुन्हा लिहिला. पुन्हा आली.